मोटारीचा अवरोह

नवी मोटार दुकानाच्या फाटकातून रस्त्यावर आली की तिचा भाव उतरू लागतो, ही गोष्ट आता घरोघरी ठाऊक झाली आहे. पूर्वी मोटार घेणाराच विरळा, मग ती विकण्याचा हिशोब करणारा कोठून सापडणार? आता तसे राहिलेले नाही. मात्र अलीकडे तरुण मंडळींत एक निराळाच समज पसरला आहे. साधी मोटार उतरते ती उतरते, पण शर्यतीच्या घाटाची, दोन आसनांची, जमिनीला पोट लावून धावणारी स्पोर्ट्स कार म्हणजे सोने. घ्यावी, झाकून ठेवावी आणि दहा वर्षांनी दुप्पट भावाने विकावी, असा तो समज आहे. मला तो मान्य नाही. तो ज्या घरात शिरतो त्या घराचे नुकसान करतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

तंबोरा जुळवणाऱ्या माणसाने मोटारीच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. सांगतो. गेली सोळा वर्षे माझे बिऱ्हाड तेलंगणातील आदिलाबादेत आहे. इंदूरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर हा पूर्वीच्या निजामी मुलखाचा उत्तरेकडचा कोपरा. वर पैनगंगा, नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. काळी जमीन, कापसाचा मोठा बाजार, आणि त्या बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी सगळे एकाच तराजूत. येथील जुन्या मराठी घरांतली मुले माझ्याकडे गाणे शिकतात. त्यांपैकी एकाने, वय सव्वीस, गळा उत्तम, दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडची २०१४ सालची पोर्शे बॉक्स्टर हेरली आहे. व्यापारी चाळीस लाख मागतो. पैसे उभे करण्यासाठी वडिलार्जित चार एकर विकावे, असा मुलाचा बेत आहे. ती जमीन खंडाने दिलेली असून आईचा घरखर्च त्या खंडावर चालतो. थोरल्या भावाला बेत पसंत नाही. पण धाकटा म्हणतो, ‘ही चैन नव्हे, गुंतवणूक आहे.’ गुरूचे ऐकेल म्हणून थोरला माझ्याकडे आला. गुरूचे ऐकण्याची पद्धत स्वरांपुरतीच उरली आहे हे त्याला सांगणे माझ्या जिवावर आले.

तेव्हा आधी उतरण कशी असते ते पाहू. आपल्याकडे विमा कंपन्या मोटारीची विमा-किंमत ज्या कोष्टकाने ठरवीत आल्या आहेत, ते पाहण्याजोगे आहे. मोटार सहा महिन्यांच्या आतली असेल तर ५ टक्के वजा. वर्षाच्या आत १५ टक्के. दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांत निम्मी! त्यापुढे कोष्टक संपते. विमा देणारा आणि घेणारा यांनी आपसांत ठरवावे. अवरोह म्हणावा तर सरळ, एकही वक्र स्वर नाही. हे कोष्टक म्हणजे बाजारभाव नव्हे, हेही खरे. मारुतीची छोटी मोटार पुष्कळदा याहून वर विकली जाते. कारण उघड आहे: तिला गिऱ्हाईक दर गल्लीत आहे, दुरुस्ती करणारा दर नाक्यावर आहे आणि तिचे सुटे भाग किराणा दुकानाच्या शेजारी मिळतात.

महागडी वेगवान मोटार याच्या नेमकी उलट. ती नवी घेणाऱ्याला जुनी नको असते, आणि जुनी परवडणाऱ्याला तिची देखभाल परवडत नाही. मोटारीचा भाव निम्मा झाला म्हणून तिच्या ब्रेकच्या तबकड्यांचा भाव निम्मा होत नाही. कोटीची मोटार चाळीस लाखांत घेतली तरी कारखान्याचे बिल कोटीच्या मोटारीचेच येते. फेरारीच्या काही जुन्या इंजिनांचे पट्टे मोटार चालली नाही तरी ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात. मग पुढचा घेणारा तो खर्च आधीच मनात वजा करून भाव सांगतो. शिवाय ही घरातली दुसरी किंवा तिसरी मोटार. अडचण आली की पहिली तीच विकली जाते. विकणाऱ्याला घाई आणि घेणाऱ्याला सवड, असा हा व्यवहार आहे.

पण काही मोटारी वर चढतात, त्याचे काय? चढतात. माझ्या शिष्याच्या फोनमध्ये त्यांचीच चित्रे आहेत. फेरारीची २५० जीटीओ ही १९६२ ते १९६४ या काळात अवघी ३६ निघाली. शर्यतीची मोटार, पुढच्या हंगामात तिच्याहून वेगवान मोटार आली की हिची कदर संपली. त्या दशकाच्या अखेरीस ती काही हजार डॉलरना हातोहात फिरत होती. तीच २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. मर्सिडीझने १९५५ साली दोनच बांधलेल्या बंद टपाच्या शर्यती मोटारींपैकी एक मे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली. हे आकडे ऐकून कोणाचेही डोके फिरेल. पण ३६ आणि दोन हे आकडे मात्र मुले नीट ऐकत नाहीत. एखाद्या पिढीत एक अमीर खाँ होतो म्हणून त्या वर्षी कंठ फुटलेल्या प्रत्येक मुलाची तिकिटे खपत नसतात.

मधली जात अधिक विचार करण्याजोगी आहे. हजारोंनी निघालेल्या, पण शौकिनांनी उचलून धरलेल्या मोटारी. त्यांचा भाव उतरतो, एका ठिकाणी टेकतो आणि काहींचा पुन्हा हळूहळू वर सरकतो. फेरारीच्या ३६० मोडेनाचेच पाहा. तिच्यात हाताने टाकावयाचा गिअर होता आणि सुकाणूमागच्या पट्ट्यांनी बदलणारा यांत्रिक गिअरही होता. नवी असताना लोकांनी दुसरा अधिक घेतला. आज हाताच्या गिअरवाली अधिक भावाने जाते, कारण तशा थोड्या आहेत आणि आता कोणी बनवीत नाही. आपल्याकडे चाकणला २०२२ पर्यंत निघालेली फोक्सवॅगनची पोलो आहे. तिच्यातला टर्बो इंजिनाचा प्रकार बंद झाल्यावरही शौकीन शोधत फिरतात. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण तिची ओढ त्याच जातीची.

येथे मला माझ्या शिष्याच्या बाजूने एक साक्ष दिली पाहिजे. त्याने हेरलेली मोटार अगदीच वाऱ्यावरची नाही. बॉक्स्टरला तेव्हा सहा सिलिंडरचे, टर्बोशिवायचे इंजिन होते. २०१६ मध्ये कंपनीने चार सिलिंडरचे टर्बो इंजिन बसवले. नवे अधिक ताकदीचे होते, तरी जगभरच्या शौकिनांनी नाक मुरडले. का? आवाज बिघडला म्हणून! शेवटी २०२० मध्ये कंपनीला काही प्रकारांत सहा सिलिंडरचे इंजिन परत आणावे लागले. मुलाने मला दोन्ही ऐकवले. खरोखर, जुन्याचा स्वर खर्जातून तार सप्तकापर्यंत सलग जातो, मध्ये कोठे फाटत नाही. नवे घोगरे आहे. स्वराला बाजारात भाव येतो हे ऐकून संगीत शिक्षकाला बरे वाटणारच. परंतु त्याने हेरलेल्या मोटारीला हाताचा गिअर नाही. शौकीन दोन्ही मागतात. एकावर भाव टेकेल, चढणार नाही, असे माझे मत आहे.

नावाचाही भाव असतो. सचिन तेंडुलकरने २००२ साली ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला ३६० मोडेना भेट दिली आणि मायकेल शूमाखरने तिच्या किल्ल्या हातात ठेवल्या. मोटार भारतात आणताना आयात शुल्काचा आकडा आला १ कोटी १३ लाख रुपये. मूळ किमतीहून शुल्क मोठे! सरकारने ते माफ केले, ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये ती मोटार सुरतेच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतली. त्याने घेतले ते नुसते लोखंड होते काय? इतर मोडेना आणि ही मोडेना यांत फरक एका नावाचा, आणि ते नाव कागदावर सिद्ध करता येत होते.

मला मात्र त्या कथेतले शुल्क अधिक बोलके वाटते. बाहेरून आलेल्या मोटारीच्या भावात आपल्या देशात निम्म्याहून अधिक वाटा कराचा असतो. जुनी मोटार विकणारा आपण भरलेला करही त्याबरोबर विकत असतो. नवीवर शंभर टक्क्यांचे शुल्क उभे आहे तोवर जुनीचा भाव त्या भिंतीच्या आडोशाने टिकतो. भिंत खाली आली की जुनीही खाली आली. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणावयाचे ठरले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा वस्तू व सेवा कर २८ चा १८ टक्के झाला, तेव्हा नव्यांचे भाव उतरले. मग जुनी विकावयास काढलेल्यांनाही ते जाणवलेच. सोन्याची बरोबरी सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. दिल्लीतल्या एका सहीने ज्याचा भाव पडू शकतो, त्याच्या भरवशावर आईचा खंड मोडू नये.

आता आपल्या इंदूरची गोष्ट काढल्यावाचून राहवत नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा मोटारींचा शौक जगाने पाहिला. त्यांची ड्यूसनबर्ग अजून जाणत्यांच्या तोंडी आहे: इंजिन व सांगाडा अमेरिकेचा, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंगचा, रंग भगवा-काळा. माझे वडील दरबारात अगदी तरुणपणी रुजू झाले आणि थोड्याच काळात, १९४८ मध्ये, संस्थान मध्य भारतात विलीन झाले. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. तरी दरबाराच्या गोष्टी सांगताना रागांच्या आधी मोटारी येत. संस्थाने गेली, १९७१ मध्ये तनखे गेले, आणि देशभरच्या राजवाड्यांतल्या मोटारी मिळेल त्या भावाने निघाल्या. पेट्रोल पिणारी, आठ-आठ सिलिंडरची, सुटे भाग न मिळणारी ती धुडे कोणाला हवी होती? कोणी तबेल्यात गंजू दिली, कोणी परदेशी पाहुण्याला देऊन टाकली. इंदूरची ड्यूसनबर्ग आज भारतात नाही. माणिकबागेतले सामान १९८० साली मोनॅकोत लिलावात गेले, आणि ज्या वाड्याच्या आवारात परदेशी मोटारी उभ्या राहत, तेथे पुढे सीमाशुल्क व अबकारी खात्याची कचेरी आली. योगायोग म्हणावा तर फारच नेमका.

या मोटारींना आज मोल आहे, हे कोणी नाकारीत नाही. पण महाराजांनी मोजलेले पैसे महाराजांना परत मिळाले नाहीत. मधली तीस-चाळीस वर्षे त्या कोणालाच नको होत्या आणि त्या काळात त्यांना पोसणारा कोणी तरी वेडा लागला. भाव चढल्याचे सुख तिसऱ्या-चौथ्या धन्याला. गवयांचेही थोडेफार असेच झाले. दरबार मोडल्यावर वडिलांच्या गाण्याचा स्वर उतरला नव्हता, ऐकणारा उठून गेला होता. त्यांनी शिकवण्या धरल्या म्हणून घर चालले. त्यांच्या बरोबरीच्या काहींनी पुढच्या दरबाराची वाट पाहिली.

देशी स्पोर्ट्स कारचा इतिहास याहून दुःखद आहे. गोव्यात गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनांची, फायबरच्या अंगाची, रेनोच्या लहान इंजिनाची मोटार निघाली. दिसावयास गोड. पण मागे उभी राहणारी दुकाने आणि कारखाने नसल्यामुळे ती थोड्यांच्या हौसेपुरती राहिली. पुण्याकडची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनात आली तेव्हा मराठी माणसाची छाती फुगली होती. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्याला अटक केली. एकाच क्रमांकाच्या मोटारींची दोन ठिकाणी नोंदणी आणि त्यांवर कर्जे, असा आरोप होता. आरोपाचे काय व्हायचे ते न्यायालयात होईल. पण ज्याने प्रामाणिकपणे पैसे भरून ती घेतली, त्याच्याकडे येणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्या दिवसापासून इंजिनाआधी कागद पाहणार, आणि पाहून झाल्यावरही मान हलवणार. दुर्मिळपणा एवढ्यावरच भाव मिळत असता तर या दोन्ही मोटारींचे धनी आज श्रीमंत असते.

आता पुन्हा आदिलाबाद. दिल्लीची जुनी मोटार स्वस्त का? तेथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची वयोमर्यादा हरित लवादाने घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून दहा वर्षांच्या पेट्रोल मोटारीकडे दिल्लीचे गिऱ्हाईक संशयाने पाहू लागले आणि व्यापारी तिला नागपूर-हैदराबादच्या वाटेला लावू लागले. आमचे गाव त्याच चव्वेचाळीस नंबरच्या हमरस्त्यावर आहे. येथवर मुलाचे गणित बरोबर. पण परराज्याची मोटार बारा महिन्यांहून अधिक येथे ठेवावयाची तर नवी नोंदणी हवी. त्यासाठी दिल्लीचे ना-हरकत पत्र हवे. आणि तेलंगणाचा आजीव कर हवा, जो मोटारीच्या वयाप्रमाणे कमी होत असला तरी मोजणी मूळ किमतीपासून होते. म्हणजे किंमत चाळीस लाखांची आणि कराचा हिशोब कोटीच्या बाजूने. आमच्या जिल्ह्याची पाटी एपी ०१ होती, २०१४ ला टीएस ०१ झाली, मार्च २०२४ पासून टीजी ०१ झाली. एका गावाने दहा वर्षांत तीन पाट्या पाहिल्या. जुन्या पाट्या चालतात, पण परराज्याच्या पाटीची मोटार घेताना आमचा माणूस अजून दहा प्रश्न विचारतो आणि दर प्रश्नाला भाव थोडा खाली येतो.

याहून मोठी अडचण अंतराची. तिच्या जातीचा कारखाना हैदराबादेस, सुमारे तीनशे किलोमीटर. नागपूर सुमारे दोनशे. तिच्या पोटाखाली एक वीत मावत नाही आणि आमच्या गल्लीतला गतिरोधक वीतभराहून उंच आहे. म्हणून ती उभी राहणार. उभी राहिलेली मोटार जपली जाते, असे मुलाला वाटते. मिरजेच्या कोणत्याही कारागिराला विचारा: तंबोरा गवसणीत घालून पाच वर्षे कोपऱ्यात ठेवला तर काय होते? भोपळ्याला तडा जातो, जवारी बसते, खुंट्या सरकतात. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण गिऱ्हाईक अजूनही वाद्य छेडूनच घेते. मोटारीचेही तेच. रबर वाळते, पेट्रोलचा चिकटा होतो, टायर न झिजता म्हातारे होतात. हैदराबादच्या चौमहल्ल्यात निजामाची पिवळी रोल्सरॉइस अशीच फार थोडी चालून राहिली आहे, हे खरे. पण तिच्यापाठीमागे निजामाचे नाव आणि दुरुस्तीला धनही होते. आमच्या कापसाच्या घरात ते दोन्ही नाही.

आणि विकावयाची वेळ आली तर? घेणारा आदिलाबादेत नाही. तो हैदराबादेत, मुंबईत किंवा पुन्हा दिल्लीत. तो फोनवर भाव सांगणार, माणूस पाठवून तपासणी करणार, प्रत्येक ओरखड्याचे पैसे कापणार. येथे आपल्या मुलाला घाई असेल, कारण मोटार विकावयाची वेळ कापूस पडला की येते, कापूस चढला की नव्हे. कापसाचा भाव पडला तेव्हा जमीन निदान जागच्या जागी राहते आणि पुढच्या मृगात पेरता येते.

मी थोरल्याला सांगितले ते असे. शौक वाईट नाही. माझ्या वडिलांनी दोन महिन्यांचा पगार घालून जोडतंबोरे घेतले होते आणि आईने तो खर्च आयुष्यभर ऐकवला; त्यांनी त्याला गुंतवणूक म्हटले नाही, हौस म्हटले. धाकट्याला हौस असेल तर कमाईतून, जमीन न विकता, दहा-बारा लाखांची टर्बो पोलो घ्यावी, पैनगंगेच्या पुलावरून यवतमाळपर्यंत रविवारी पळवावी, आणि ती जेवढी उतरेल तेवढे पैसे त्या रविवारांचे भाडे समजावे. बॉक्स्टरच हवी असेल तर थांबावे. सहा सिलिंडरचा स्वर पाच वर्षांनीही तोच राहील आणि तोवर दोन धन्यांनी तिच्यावरचा तोटा सोसलेला असेल. पण पट्टादार पासबुक घेऊन तहसील कचेरीत जाऊ नये. चार एकर एकदा दुसऱ्याच्या नावे चढले की ते परत घेण्यास चाळीस लाख पुरणार नाहीत.

धाकट्याला मी एकच काम दिले: दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून मोटारीची सर्व्हिसची वही मागव. कोणत्या महिन्यात तेल बदलले, कोणत्या कारखान्यात, किती किलोमीटरवर. आज नववा दिवस. मोटारीची आणखी सहा चित्रे आली आहेत, त्यांतले एक रात्रीच्या दिव्यांत फारच सुंदर आहे. वही आलेली नाही.